जाम घाट चढायचा, उतरायचा नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुण्यात ४३७ किलोमीटरांची आंतरराष्ट्रीय टप्प्यांची सायकल शर्यत झाली. तेव्हापासून इंदूरच्या सायकलवेड्या मराठी मंडळींत एक प्रश्न सारखा निघतो: अशी शर्यत माळव्यात का नको? घ्यावी, असेच आमचेही मत आहे. मात्र बोलण्यात जो मार्ग पुन्हा पुन्हा येतो, त्याला आमचा ठाम विरोध आहे. इंदूरहून निघायचे, महूवरून जाम गेट या घाटमाथ्यावरच्या दगडी दरवाजाला जायचे, घाट उतरून मंडलेश्वर गाठायचे आणि महेश्वरला किल्ल्याच्या पायथ्याशी शर्यत संपवायची, असा तो मार्ग. छायाचित्रे सुंदर येतील, पण खेळाडूंची हाडे मोडतील. हाच मार्ग उलटा फिरवला तर शर्यत जास्त चुरशीची होते आणि धोकाही निम्म्याने कमी होतो. हे का, ते नीट सांगण्यासाठी हे पत्र.

आधी अशा छोट्या शर्यतीचा स्वभाव पाहू. रोज एक टप्पा होतो, आणि सगळ्या टप्प्यांची मिळून ज्याची वेळ सर्वांत कमी तो शर्यत जिंकतो. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते. तिथे एका दिवशी गमावलेली दोन मिनिटे पुढच्या आठवड्यात भरून काढता येतात. पाच-सात दिवसांच्या शर्यतीत तेवढा वेळच नसतो, त्यामुळे सगळा हिशोब सेकंदांवर येतो. २०१६ च्या पॅरिस-नीस शर्यतीत गेरेंट थॉमसने अल्बर्टो कॉन्तादोरला ४ सेकंदांनी हरवले, आणि पुढच्या वर्षी सर्हिओ एनाओने त्याच कॉन्तादोरला २ सेकंदांनी. २०१६ च्याच इटलीतल्या तिरेनो-आद्रियातिको शर्यतीत बर्फामुळे डोंगरातला टप्पा रद्द झाला आणि ग्रेग व्हान आव्हरमाट पीटर सगानपेक्षा केवळ १ सेकंद पुढे राहून जिंकला. २०१८ च्या ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडर शर्यतीत तर डॅरिल इम्पी आणि रिची पोर्ट यांची एकूण वेळ तंतोतंत सारखी निघाली. मग रोजच्या क्रमांकांची बेरीज करून इम्पीला विजेता ठरवावे लागले.

हे सेकंद येतात कुठून, तेही पाहायला हवे. टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून साधारणपणे १० सेकंद वजा होतात, दुसऱ्याच्या ६ आणि तिसऱ्याच्या ४. वाटेतल्या स्प्रिंटला, म्हणजे मधल्या ठरलेल्या रेषेपर्यंतच्या चुरशीला, पहिल्या तिघांना ३, २, १. एकत्र आलेल्या जथ्थ्यातल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, पण मध्ये फट पडली की मागच्या गटाची वेळ वेगळी धरली जाते. ताशी ६० किलोमीटर वेगात एक सेकंद म्हणजे सुमारे १७ मीटर, एकामागे एक लावलेल्या दहा सायकलींएवढे अंतर. ही फट आपल्या पुढे पडू नये म्हणून शेवटच्या दहा किलोमीटरांत शंभर-सव्वाशे खेळाडू एकाच वेळी पुढच्या वीस जागांसाठी धडपडतात. शेवटच्या ३ किलोमीटरांत पडलेल्याला किंवा पंक्चर झालेल्याला तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ देण्याचा नियम आहे. त्याने निकालातला अन्याय टळतो, पडणे टळत नाही. शिवाय टप्पा घाटमाथ्यावर संपत असेल तर हा नियम लागूच होत नाही.

अशा धडपडीत रस्त्याचा एखादा दोष किती महागात पडतो, याची उदाहरणे याच छोट्या शर्यतींत आहेत. २०१५ साली स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात, बिल्बाओ शहरात, अखेरच्या सरळ रस्त्याच्या कडेला लोखंडी खुंट उभे होते आणि त्यांच्यावर फक्त प्लास्टिकचे कोन ठेवले होते. स्प्रिंटच्या वेगात ते कोणाला दिसले नाहीत, आणि अमेरिकेच्या पीटर स्टेटिनाच्या पायाची हाडे मोडली. २०२० च्या पोलंडच्या शर्यतीत काटोविट्सेला शेवटचा रस्ता उताराचा होता, वेग ताशी ८० किलोमीटरांच्या घरात गेला, आणि दोघांच्या धक्क्यात फाबियो याकोबसेन कठड्यावर आदळला. कठडे एकमेकांना नीट जोडलेले नसल्याने ते उडाले आणि तो पलीकडे फेकला गेला. त्याला कठड्याकडे दाबणाऱ्या डिलन ग्रुनेवेखेनवर नऊ महिन्यांची बंदी आली, पण उतारावर शेवट ठेवण्याचा निर्णय त्याचा नव्हता. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या टूर द स्विसच्या पाचव्या टप्प्यात आल्बुला खिंड उतरताना जिनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. टप्प्याची अंतिम रेषा त्या उताराच्या पायथ्याला होती. ४ एप्रिल २०२४ रोजी बास्क शर्यतीत पुन्हा एका उताराच्या वळणावर योनास व्हिंगेगार्ड, रेमको एव्हनेपूल आणि प्रिमोझ रोग्लिच एकाच अपघातात सापडले. रस्त्याला लागून सिमेंटची गटार होती.

आता जाम घाटाकडे पाहा. वळणे तीव्र, बाहेरच्या बाजूला दरी, आतल्या बाजूला डोंगराचे पाणी वाहून नेणारी चारी, आणि तिच्यातून रस्त्यावर आलेली मुरुमाची बारीक खडी. आल्बुला आणि बास्क दोन्ही ठिकाणची परिस्थिती इथे एकत्र आहे. त्यात उतार संपताच थोड्या अंतरावर रेषा असेल, तर वर माथ्यावर १० सेकंद मागे पडलेला खेळाडू ते सेकंद उतारावरच भरून काढणार. ब्रेक उशिरा लावणार, वळण कापणार. त्याला दोष देता येणार नाही. मार्ग आखणाऱ्यानेच त्याला तसे करायला लावलेले असते.

मार्ग उलटा केला की हे सगळे बदलते. टप्पा महेश्वरहून सुटावा. नर्मदेचा घाट, किल्ला, अहिल्याबाईंची राजधानी, जे काही दाखवायचे ते सुरुवातीला दाखवावे. गावातल्या गल्ल्यांतून पंचांच्या लाल गाडीमागे संथपणे सगळ्यांना बाहेर काढावे. याला नियंत्रित सुरुवात म्हणतात. गाडीने झेंडा दाखवल्याशिवाय कोणी पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे अरुंद रस्ता असूनही अपघाताचा धोका कमी राहतो. मग निमाडच्या सपाटीवर एक-दोन वळसे घेऊन अंतर १००-१२० किलोमीटर करावे, आणि अखेरीस मंडलेश्वरच्या बाजूने जाम घाट चढावा. रेषा वर, दगडी दरवाजाच्या अलीकडे. दरवाजातून शर्यत नेण्याचा मोह टाळावा, कारण तिथे रस्ता आवळतो.

चढावर वेग ताशी १५ ते २५ किलोमीटरांवर येतो. पडला तरी खरचटण्यावर निभावते. सपाटीवर ताशी ४० च्या वेगात पुढच्याच्या मागे राहिल्याने सुमारे एक तृतीयांश शक्ती वाचते. चढावर हा फायदा फारच कमी उरतो, म्हणून ज्याचे पाय खरेच दमदार आहेत तोच पुढे जातो. या दर्जाचे खेळाडू उभ्या १०० मीटर उंचीला साधारण चार मिनिटे घेतात. माळव्याचे पठार आणि नर्मदेचे खोरे यांत ढोबळ ४०० मीटरांचा फरक आहे, तेव्हा पहिल्या आणि विसाव्या खेळाडूत इथे आपोआप एक-दोन मिनिटे पडतील. सोयीचा भागही मोठा आहे. संघांच्या बस, ट्रक आणि प्रेक्षक महूच्या बाजूने माथ्यावर येतील, त्यांना शर्यतीचा रस्ता ओलांडावा लागणार नाही, आणि टप्पा संपल्यावर खेळाडू इंदूरच्या हॉटेलांकडे तोंड करूनच उभे असतील. माथ्यावर सपाट जागा थोडी आहे, म्हणून संघांच्या मोटारी रेषेच्या काही अंतर आधीच बाजूला वळवण्याची सोय मात्र आधी शोधून ठेवावी लागेल.

मार्ग ठरला की पहिले काम गतिरोधकांचे. आमच्या मते सगळ्या तयारीत सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा, आणि नेमके तेच काम शेवटच्या आठवड्यावर ढकलले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे. गावोगावी दिसतात ते मात्र हातभर रुंद आणि वीतभर उंच, रंग उडालेले. एकटा सायकलस्वार हँडल उचलून त्यावरून उडी मारू शकतो. जथ्थ्यातल्या चाळिसाव्या खेळाडूला पुढचे काही दिसतच नाही. त्याचे हात हँडलवरून सुटतात, किंवा पाण्याची बाटली पिंजऱ्यातून उडून मागच्याच्या चाकाखाली जाते. जथ्थ्यातले काही अपघात अशा सुट्या बाटलीने होतात. शर्यतीचे टायर २८ मिलिमीटरचे, हवा ७० पीएसआयच्या आसपास. धारदार कडेवर आदळले की टायर रिमपर्यंत दबतो. ट्यूबलेसमधला चिकट द्रव काट्याचे भोक भरतो, टायरची बाजू फाटली किंवा कार्बनचा रिम तडकला तर त्याचा उपयोग नाही.

गतिरोधक काढण्याचीही रीत आहे. जेसीबीने खरवडला की खाली खड्डा आणि सैल डांबर राहते. ती जागा चौकोनी कापून, डांबर-खडी भरून, रोलर फिरवावा लागतो, आणि हे शर्यतीआधी किमान दहा दिवस व्हावे, म्हणजे रोजच्या वाहतुकीने भराव दबतो. प्लास्टिकचे पट्टे काढले की त्यांचे बोल्ट दोन-तीन सेंटीमीटर वर उभे राहतात. ते ग्राइंडरने रस्त्याच्या पातळीला कापायलाच हवेत. बोल्टवर कोन ठेवून भागवले तर आपण बिल्बाओचीच चूक पुन्हा करू. शाळेसमोरचे गतिरोधक मुलांसाठी असतात हेही विसरता कामा नये. ते काढल्यापासून परत बसेपर्यंत शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळी तिथे माणूस उभा हवा, आणि कोणत्या तारखेला परत बसणार ते ग्रामपंचायतीला लेखी द्यावे.

नवे डांबरीकरण करायचे असेल तर शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवावे. ताज्या रस्त्यावर सुटी खडी असते आणि वरचा थर तेलकट राहतो, निमाडच्या दुपारच्या उन्हात तर जास्तच. सिमेंटच्या रस्त्यांवर धोका वेगळा: दोन पट्ट्यांमधला लांबच्या लांब सांधा. दोन पट्ट्यांत बोटभर फट किंवा उंचीत फरक असेल तर पुढचे चाक त्यात धरले जाते आणि खेळाडू क्षणात आडवा होतो. असे सांधे डांबराने भरून घ्यावेत. गटारांच्या जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर जाळी आडवी बसवावी. रिफ्लेक्टरचे उंच खिळे निदान शेवटच्या ३ किलोमीटरांतून काढून टाकावेत. झाडण्याबाबत इंदूरला कोणी शिकवायला नको. २०१७ ते २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत हे शहर सलग देशात पहिले आले आणि रात्री यंत्राने रस्ते झाडण्याचा सराव इथे आहे. पण महापालिकेची हद्द घाटापर्यंत जात नाही. घाटरस्त्यासाठी झाडणी यंत्रे आणि माणसे कोण देणार हे आधी ठरवावे, आणि झाडणी दोनदा व्हावी: आदल्या संध्याकाळी, आणि शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद झाल्यानंतर. मधल्या रात्री वाळूचे ट्रक गेले की आदली झाडणी वाया जाते.

शेवटच्या रेषेपाशी कठडे हवेत: रेषेच्या आधी किमान ३०० मीटर आणि नंतर १०० मीटर, दोन्ही बाजूंना. कठड्यांचे पाय रस्त्यात येता कामा नयेत आणि प्रत्येक कठडा पुढच्याला जखडलेला हवा. सभामंडपाला लावतात तसल्या बांबूच्या आणि सुट्या लोखंडी जाळ्यांनी हे काम होणार नाही.

वाहतुकीबद्दल लोकांची भीती अशी की दिवसभर रस्ते बंद राहतील. हिशोब करून पाहावा. १०० व्या किलोमीटरवरच्या गावात जथ्था ताशी ४२ च्या सरासरीने आला तर २ तास २३ मिनिटांनी पोहोचतो, ३८ ने आला तर २ तास ३८ मिनिटांनी. म्हणजे अंदाजातली चूक फार तर १५ मिनिटांची. आघाडीच्या पोलीस गाडीने २० मिनिटे आधी रस्ता मोकळा करावा. मागे पडलेल्यांना वेळेची मर्यादा असते. ती विजेत्याच्या वेळेच्या १५ टक्के धरली तर आणखी सुमारे २५ मिनिटे. सगळे मिळून एका गावाचा रस्ता तासाभरापुरता बंद. यासाठी पुढच्या गाडीवर लाल आणि सर्वांत मागच्या गाडीवर हिरवा झेंडा असावा, आणि हिरवा दिसेपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही, हे गावोगावी सांगितलेले असावे. कारण खेळाडू गेले की लोक रस्त्यावर येतात, आणि मागून संघांच्या पंधरा-वीस मोटारी ताशी ७० ने येत असतात.

खरी अडचण आडवाटांची आहे. १२० किलोमीटरांच्या टप्प्यात दर किलोमीटरला शेताच्या वाटा, गल्ल्या, पंपांची तोंडे धरून सरासरी तीन मोजली तरी ३६० माणसे लागतात. मोटारसायकलवरचे मार्शल, म्हणजे रस्ता राखणारे स्वयंसेवक, जथ्थ्याला ओलांडून पुढच्या तोंडावर जाऊन उभे राहू शकतात, पण घाटात ओलांडायला जागा नसते, म्हणून तिथे प्रत्येक ठिकाणी उभा माणूसच हवा. जानेवारीत निमाडच्या रस्त्यांवर कापसाने ओसंडलेल्या ट्रॉल्या असतात आणि नर्मदा परिक्रमेचे यात्री पायी चालत असतात. ट्रॉल्यांसाठी आदल्या दिवशीच बाजार समितीशी बोलावे लागेल. परिक्रमावासीयांना थांबवू नये. कडेला सावलीत बसण्याची आणि चहापाण्याची सोय करून त्यांना तेवढा तास विसावा द्यावा. गाईगुरे आणि कुत्रे यांच्यासाठी प्रत्येक गावाच्या दोन्ही टोकांना त्याच गावातली दोन माणसे ठेवावीत. बाहेरून आणलेल्या स्वयंसेवकाला कुत्रा ऐकत नाही.

प्रोलॉगसाठी, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या पहिल्या छोट्या टप्प्यासाठी, इंदूरमधला सुपर कॉरिडॉर हा रुंद रस्ता उत्तम आहे. प्रोलॉग ८ किलोमीटरांच्या आत ठेवावा लागतो, आणि मिनिटाला एक याप्रमाणे १२० खेळाडू दोन तासांत सुटतात. शेवटचा दिवस शहरातल्या वळशांचा ठेवला तर प्रेक्षकांना खेळाडू दहादा दिसतात. पण राजवाड्याभोवती वळसे नकोत, तिथली वळणे जथ्थ्याला पुरणार नाहीत. रुंद रस्त्यांवर ८ किलोमीटरांचा वळसा आखावा आणि त्याच्या आत अडकणाऱ्या वस्तीचा विचार नकाशा काढतानाच करावा. ताशी ४५ ने एक फेरी सुमारे पावणेअकरा मिनिटांत होते. जथ्था आणि मोटारींचा ताफा एका चौकातून जायला तीन-चार मिनिटे लागतात. उरलेल्या वेळात, पंचांच्या रेडिओवरून परवानगी घेऊन, अॅम्ब्युलन्स सोडता येते. असा एक ठरलेला चौक असावा आणि तो जवळच्या सर्व रुग्णालयांना माहीत असावा.

शर्यतीच्या ताफ्यात किमान दोन अॅम्ब्युलन्स हव्यात. एक जखमीला घेऊन गेली तर दुसरी उरते, आणि दोन्ही गेल्या तर शर्यत थांबवायची, हे आधी लिहून ठेवावे, ऐनवेळी वाद नको. जाम घाटासाठी तिसरी अॅम्ब्युलन्स माथ्यावर उभी असावी. तटस्थ मदतगाडीत, म्हणजे सर्व संघांना मदत करणाऱ्या गाडीत, सुटी चाके ठेवून आता भागत नाही: डिस्क ब्रेकची चकती कोणाची १४० तर कोणाची १६० मिलिमीटरची, गिअरचे संच वेगळे, आणि चाक बदलायला १२ मिलिमीटरचा अॅक्सल पूर्ण काढावा लागतो. लहान, मध्यम, मोठ्या मापाच्या तयार सायकलीच गाडीवर असाव्यात. आणि रस्ता एकदा बंद केलाच आहे तर सकाळी त्याच मार्गावर महिलांची शर्यत घ्यावी. त्यासाठी बंदची वेळ वाढेल, पण गतिरोधक, झाडणी, कठडे आणि मार्शल हा सगळा खर्च आधीच झालेला असतो.

आपल्या वृत्तपत्राला तीन विनंत्या. शर्यत ठरलीच, तर टप्प्याच्या तीन दिवस आधी गाववार वेळापत्रक छापावे: रस्ता बंद कधी, जथ्था अपेक्षित कधी, रस्ता खुला कधी. वेगाच्या दोन्ही अंदाजांसह. आणि निकाल देताना टप्प्याच्या विजेत्याच्या नावापाशी न थांबता एकूण वेळेतले पहिले दहा खेळाडू, त्यांच्यातले सेकंदांचे अंतर आणि त्या दिवशी कोणाला किती सेकंद वजा मिळाले, हेही छापावे. त्यापूर्वीही, मार्ग ठरवणाऱ्यांनी जाम घाट एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर सायकलवर पाहावा, यासाठी आपल्या पानांतून आग्रह धरावा.

आपले नम्र,
इंदूरमधील काही सायकलपटू, मेकॅनिक आणि शर्यतींचे स्वयंसेवक